खोका एक, चवी वेगवेगळ्या: सिगार तपासणीच्या नोंदी

२ नोव्हेंबर

एक सिगार शेवटापर्यंत गोडसर जळते आणि तिच्या शेजारची पहिल्या एक-तृतीयांश भागातच कडवट होऊन विझते. हा प्रकार या खोक्यात इतक्यांदा झाला की उरलेल्या सिगारी मजेसाठी ओढणं बंद केलं आहे. आता प्रत्येकीची खोक्यातली जागा, वजन, ड्रॉ (म्हणजे ओढताना हवा किती सहज येते) आणि चव लिहायची आणि कशाचा कशाशी मेळ बसतो ते बघायचं.

खोका क्युबन रोबुस्तोचा, म्हणजे आखूड आणि जाड आकाराच्या सिगारींचा. लांबी १२४ मिमी, रिंग गेज ५०. रिंग गेज म्हणजे इंचाचे ६४ भाग, त्यामुळे जाडी २० मिमीच्या किंचित आत. हाताने वळलेल्या, आत लांब पानांचा फिलर, म्हणजे पोटातलं भरण. वरच्या थरात १३, खाली १२, मध्ये सीडरच्या लाकडाचा पापुद्रा.

सिगारी खोक्यात रंगाने लावलेल्या असतात, डावीकडे गडद, उजवीकडे फिकट. सहज पाहिलं तर कळत नाही. दोन्ही टोकांच्या काढून शेजारी धरल्या की फरक दिसतो. पहिला संशय अर्थातच रंगावर: गडद ती उग्र असणार.

बँडवर, म्हणजे सिगारीभोवतीच्या कागदी पट्टीवर, पेन्सिलीने क्रमांक टाकले. पेन किंवा मार्कर नको, तंबाखू कुठलाही वास पटकन धरतो. मग ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजनं केली. बहुतेक ११ ते १२ ग्रॅमच्या मध्ये, पण सर्वांत हलकी आणि सर्वांत जड यांत दीड ग्रॅमहून जास्त अंतर. एवढ्या लहान वस्तूत दीड ग्रॅम म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा. रंगाचा आणि वजनाचा काही मेळ नाही.

३ नोव्हेंबर

मोजायला बसण्याआधी हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) तपासला, आणि बरं झालं तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घेतलं, ओल्या वाळूइतकं दमट होईल एवढंच पाणी घातलं आणि ते झाकण हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत ठेवलं. साध्या मिठावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते, यंत्राने तेवढंच दाखवायला हवं. पहिल्या खेपेला मीठ पूर्ण विरघळलं, तो आकडा फेकून दिला. मिठाचे खडे शिल्लक राहिले तरच चाचणीला अर्थ आहे. दुसऱ्या खेपेला रात्रभर ठेवल्यावर यंत्राने ६९ दाखवलं. म्हणजे इतके दिवस मी ६५ समजत होतो तेव्हा खोक्यात ७१ च्या आसपास होतं.

यंत्रावर +६ ची चिठ्ठी चिकटवली. खोक्यात ६५ टक्क्यांची, ओलावा देणारी आणि घेणारी पाकिटं टाकली.

९ नोव्हेंबर

सगळ्यांची वजनं उतरली, पण सारखी नाही. कडेच्या आणि वरच्या थरातल्या सिगारी भराभर वाळतात, खालच्या थराच्या मधल्या अजून जवळजवळ तिथेच. एकच खोका, एकच हवा, तरी आत दोन-तीन प्रकारचं हवामान. वरचा थर खाली, खालचा वर, कडेच्या मध्ये अशी उलथापालथ केली. दर आठवड्याला हेच करायचं.

दुसरी एक गोष्ट या कामात सारखी आडवी येते. तंबाखू वाळत वाळत ६५ टक्क्यांना पोचला तर त्यात जास्त पाणी उरतं, आणि कोरडा तंबाखू ओलावा घेत ६५ ला आला तर कमी. त्यामुळे खोक्याचा हायग्रोमीटर ६५ म्हणतो यावरून आतल्या सिगारी एकसारख्या ओल्या आहेत असं धरता येत नाही. काट्यावरचं वजन थांबलं का, हेच बघायचं.

वाट बघताना मोह आवरला नाही, काही ओढल्या. त्यांच्या चवीच्या नोंदी निकालातून वगळल्या आहेत. त्या वाया गेल्या म्हणा.

३० नोव्हेंबर

वजनं अखेर थांबली. लागोपाठ दोन आठवडे काट्यावर तोच आकडा. सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ इथेच गेला, आणि तो वाचवता येईल असं वाटत नाही.

सुकण्याने उतरलेलं वजन दशांश ग्रॅमांत मोजण्याइतकं. सिगारींमधलं अंतर मात्र अजूनही दीड ग्रॅमच्या वरच. तेव्हा तो फरक पाण्याचा नाही, पानांचा आहे. कुणाच्या पोटात जास्त तंबाखू भरला गेला, कुणाच्या कमी.

६ डिसेंबर

ड्रॉ मोजायचं यंत्र घरी केलं. कल्पना साधी: पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तळाशी तोटी, वरच्या झाकणातून रबरी नळी, नळीच्या टोकाला सिगार. तोटी उघडली की पाणी खाली पडतं आणि त्याच्या जागी हवा सिगारीतून ओढली जाते. बाटलीवर दोन खुणा करायच्या आणि पाणी एका खुणेपासून दुसरीपर्यंत उतरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. जास्त सेकंद म्हणजे घट्ट ड्रॉ.

एवढ्या साध्या कल्पनेने दिवस खाल्ला. प्लास्टिकच्या बाटलीची अंगं आत ओढली जायची, पातळी खोटी दिसायची. म्हणून काचेची बरणी घेतली. मग सगळ्याच सिगारींचा वेळ जवळपास सारखा येऊ लागला. आनंद व्हायच्या आत कारण कळलं. तोटी इतकी बारीक होती की पाणी तीच अडवत होती, सिगारीला अडवायला काही उरतच नव्हतं. सिगार न लावता बरणी काही क्षणांत रिकामी होईल इतकी रुंद तोटी हवी. शेवटची भानगड नळीच्या तोंडाशी, तिथून हवा गळायची. फुग्याची मान कापून नळीवर चढवली, तिच्यात सिगारीचं कापलेलं टोक बसवलं. गळती तपासायला सिगारीचं जळायचं टोक बोटाने दाबायचं. पाणी थांबलं तर सील चांगलं. पाणी टपकत राहिलं तर आकडा लिहायचा नाही.

कापल्याशिवाय ड्रॉ मोजता येत नाही आणि कापलेली सिगार ठेवून दिली तर तोंडाकडून वाळते. म्हणून मोजणी त्याच दिवशी, ओढण्याच्या थोडं आधी. कटर तोच, कापाची खोली तीच. कापाच्या खोलीनेही सेकंद बदलतात.

१३ डिसेंबर

एक घट्ट, एक सैल आणि दोन मधल्या मोजून ओढल्या, वेगवेगळ्या दिवशी, साधारण त्याच वेळेला, आधी तासभर पाण्याशिवाय काही न घेता. घड्याळ लावून मिनिटाला एक झुरका.

घट्ट सिगारीला मिनिटाला एक झुरका पुरत नाही. धूर पातळ येतो, जीभ रिकामी राहते, हात आपोआप लवकर उठतो, तरी निखारा मंद होत विझतो. पुन्हा पेटवली की करपट वास आणि त्यामागून कडवटपणा, आणि त्यापुढे ती सिगार पूर्वपदावर येत नाही. सैल सिगारीचं उलट. पहिल्या झुरक्याला भरपूर धूर, सगळे खूश, पण निखारा धावतो, सिगार बोटांना गरम लागते आणि मध्यावर येईपर्यंत धुरात मिरीचा झटका सोडून काही उरत नाही. मधल्या दोन्ही जवळपास बहिणी निघाल्या, एक खोक्याच्या गडद टोकाची आणि एक फिकट टोकाची असूनही.

रंगावरचा संशय इथेच ढिला पडला.

२० डिसेंबर

रंग खरोखर कळतो की नाही हे पक्कं करायला मित्राला बोलावलं. दोन सिगारी पेटवायच्या, मी डोळे मिटायचे, त्याने तीन झुरके द्यायचे: दोन एकीचे, एक दुसरीचा, क्रम त्याच्या वहीत. वेगळा कोणता ते मी सांगायचं. नुसत्या अंदाजानेही तिनातून एकदा बरोबर येतंच, म्हणून पुन्हापुन्हा करावं लागतं. दोन झुरक्यांच्या मध्ये पाणी आणि थांबणं. न थांबता केलं तर तिसरा झुरका नेहमीच वेगळा लागतो.

घट्ट विरुद्ध मधली अशी चाचणी निरुपयोगी ठरली. डोळे मिटले तरी ओठांना ड्रॉ कळतो, चवीपर्यंत जायची गरजच पडत नाही. तेव्हा सारख्या सेकंदांच्या सिगारी निवडल्या, एक गडद, एक फिकट. इथे माझी उत्तरं अंदाजापेक्षा बरी नव्हती. मित्राचीही नाहीत, आणि तो तर चाचणीआधी गडद सिगारीबद्दल बरंच बोलला होता.

रॅपरला, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पानाला, चव नाही असं यातून निघत नाही. वेगळ्या जातीचा, वेगळ्या प्रकारे आंबवलेला रॅपर चव बदलतोच. पण एका खोक्यातल्या छटांचं अंतर तेवढं मोठं नसतं.

२७ डिसेंबर

वेगाची चाचणी. मधल्या गटातली सिगार अर्धी मिनिटाला एक झुरका अशी ओढली, उरलेली अर्धी त्याच्या दुप्पट वेगाने. दुसरा अर्धा भाग उग्र, कडवट. पण तो तसा व्हायचाच, कारण पुढचा धूर जाताना न जळलेल्या तंबाखूत आपला अर्क सोडत जातो आणि शेवटच्या एक-तृतीयांश भागात तो सगळा पुन्हा जळतो. म्हणून दुसरी सिगार उलट्या क्रमाने, आधी घाईने, मग सावकाश. सुरुवातीचा, एरवी सगळ्यांत सौम्य असणारा भाग तिखट झाला, आणि वेग कमी केल्यावर काही मिनिटांत सुधारला.

घाईने पडलेला फरक दोन सिगारींमधल्या फरकाइतकाच मोठा. माझ्या जुन्या तक्रारींपैकी किती तक्रारी सिगारीच्या आणि किती त्या दिवशीच्या हाताच्या, ते आता वेगळं काढता येणार नाही.

१० जानेवारी

आज फाडाफाडी. एक घट्ट, एक सैल, एक मधली आणि एक अशी जिची जळती कड एका बाजूने पुढे पळते असा संशय होता (वजन आणि ड्रॉ दोन्ही ठीक, पण जळायच्या टोकाकडून पाहिलं तर एका कडेला काळपट पट्टा). सुकलेली सिगार उलगडायला गेलं की रॅपरचे तुकडे पडतात. ओलसर कापडात थोडा वेळ गुंडाळून ठेवली तर रॅपर टोपीकडून, म्हणजे तोंडात धरायच्या मिटवलेल्या टोकाकडून, अखंड सुटतो. पातळ, रेशमी, शिरा जवळजवळ नसलेला. त्याखाली बाइंडर, म्हणजे फिलरला बांधून ठेवणारं पान, जाड आणि खरखरीत. मग फिलर.

फिलरची पानं तीन प्रकारची. रोपाच्या खालच्या भागातलं वोलादो: पातळ, जळायला सोपं, चवीला बेताचं. मधलं सेको, सुगंधासाठी. वरचं लिगेरो, ज्याने सर्वांत जास्त ऊन खाल्लेलं असतं: जाड, तेलकट, जोरदार आणि सावकाश जळणारं. लिगेरो मधोमध असायला हवं, म्हणजे भोवतीची पानं त्याला जळत ठेवतात.

प्रत्येक प्रकारची एकेक पट्टी कापून टोकाला निखारा लावून बघितला. वोलादोची पट्टी सरसर जळत गेली, राख फिकट. सेको संथ, पण न अडता. लिगेरोच्या पट्टीवर निखारा बोटभर सरकला, काळा पडला आणि विझला. दोनदा पेटवली, दोनदा तेच. वासही सांगण्यासारखा: वोलादोचा जळक्या कागदाच्या जवळ जाणारा, लिगेरोचा नाकात चढणारा.

घट्ट सिगारीत मध्यशिरेचा जाड तुकडा आडवा अडकला होता. फिलरच्या पानांची मध्यशीर खालून बरीचशी काढतात, शेंड्याकडे थोडी राहते. ती सरळ राहिली तर बिघडत नाही. इथे पानांच्या गुंडाळीला पीळ पडला होता आणि शीर त्या पिळात गाठीसारखी बसली होती. टोपीपासून दोन बोटांवर. तिथे चिमटीत दाबून बघितलं असतं तर बाहेरूनही कळलं असतं. यापुढे प्रत्येक सिगार कापण्याआधी टोकापासून टोकापर्यंत चिमटीतून फिरवायची.

सैल सिगारीत लिगेरोचा तुकडा मधल्या सिगारीतल्या तुकड्यापेक्षा बराच लहान, आणि पानांमध्ये सरळ मोकळी फट. एका बाजूने जळेल असा संशय होता तिच्यात लिगेरो मधोमध नव्हतंच, बाइंडरला टेकून एका कडेला बसलेलं. ती बाजू मागे रेंगाळणार, दुसरी पुढे पळणार, आणि ओढणाऱ्याला अर्धा वेळ एक मिश्रण, अर्धा वेळ दुसरं.

वजनाबद्दलचा माझा समजही आज बदलला. जड म्हणजे घट्ट असं सरसकट नाही. मधल्या सिगारीचं वजन घट्टपेक्षा जास्त भरलं होतं, पण तिची पानं एकेक नळीसारखी सुरळी करून रचलेली आणि प्रत्येक सुरळीतून हवेला वाट. पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक घडी घातली की तेवढाच तंबाखू हवा अडवू शकतो. वजनावरून सिगार निवडणाऱ्यांनी ते करत राहावं, मी ड्रॉवर भरवसा ठेवेन.

११ जानेवारी

काल उलगडलेल्या चारही जणी एका हाताच्या वाटत नाहीत. टोपी लावायची पद्धत वेगळी, फिलरची रचना वेगळी. त्या एकाच खोक्यात कशा आल्या हे कारखान्यातल्या कामाच्या क्रमावरून कळतं.

क्युबात एक तोर्सेदोर, म्हणजे सिगार वळणारा कारागीर, सिगार सुरुवातीपासून टोपीपर्यंत स्वतः करतो. इतर बऱ्याच देशांत एक जण फिलर-बाइंडरचा गठ्ठा बांधतो आणि दुसरा त्यावर रॅपर चढवतो. तयार सिगारी ५० च्या जुड्यांत बांधून नावानिशी तपासणीला जातात. तिथपर्यंत कुणाची सिगार कुठली हे माहीत असतं. नंतर त्या जुड्या सुटतात आणि सगळा माल रंगवार लावला जातो, बारीक छटांपर्यंत. त्या ढिगातून एका छटेच्या निवडून खोका भरतो. म्हणजे खोक्यात एकसारखेपणाची हमी रॅपरच्या रंगाची. आतला गठ्ठा कुणी बांधला याने निवड होतच नाही. तळावरचा शिक्का कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष देतो, तेही खोका भरल्याचं, सिगार वळल्याचं नव्हे. तिथेच ‘तोतालमेन्ते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने, असंही छापलेलं असतं. किती हातांनी, ते नसतं.

२००० नंतर क्युबन कारखान्यांत ड्रॉ मोजणारी यंत्रं आली. रॅपर चढण्याआधी गठ्ठा यंत्राला लावतात, मर्यादेबाहेरचा सोडवून पुन्हा बांधतात. पण मर्यादेला वरचं टोक असतं आणि खालचंही, आणि दोन टोकांच्या दोन सिगारी पास होऊन शेजारी बसू शकतात.

राहिला पानांचा प्रश्न. मिश्रण ठरतं ते पानांच्या प्रमाणावर: लिगेरो एवढं, सेको एवढं, वोलादो एवढं. रोबुस्तोत लिगेरोचा वाटा अर्ध्या पानाचाही असू शकतो. पण अर्धं पान म्हणजे किती? एका रोपाचं अर्धं पान दुसऱ्याच्या पाऊण पानाएवढं भरतं. शिवाय आंबवायच्या ढिगात मधला भाग कडेपेक्षा जास्त तापतो. ढीग फोडून पुन्हा रचतात, तरी प्रत्येक पानाला सारखी उष्णता मिळते असं नाही. कमी आंबलेलं एखादं पान अर्धं तोडून मिश्रणात गेलं तर पंचवीसपैकी एखाद-दुसऱ्या सिगारीत त्याचा अमोनिया उरणारच.

२४ जानेवारी

दुरुस्तीचा भाग. घट्ट निघालेल्या सिगारीत ड्रॉ मोकळा करायची खाचांची सुई घातली. नुसती टोकदार सुई नको, ती तंबाखू बाजूला सारते आणि काढल्यावर भोक पुन्हा मिटतं. खाचांची सुई थोडा तंबाखू बाहेर आणते. गाठ चिमटीत लागत होती तिथपर्यंतच, हळूहळू फिरवत, मध्ये मध्ये फुग्याच्या मानेत लावून सेकंद मोजत. एका सिगारीचा रॅपर फुटला, सुई तिरकी गेली. दुसरी मधल्या गटाच्या सेकंदांवर आली.

ती मित्राने मधल्या गटातल्या एकीसोबत, तीन झुरक्यांच्या चाचणीत दिली. ओळखता आली नाही. जिच्याबद्दल ‘कडवट, तुरट, विझते’ असं लिहायची माझी तयारी होती ती शेजारणीसारखीच निघाली.

सैल सिगारीला असा उपाय सापडला नाही. झुरक्यांमधलं अंतर वाढवलं आणि ६५ ऐवजी ६९ टक्क्यांच्या पाकिटात महिनाभर ठेवली तर निखारा थोडा आवरतो. पूर्ण नाही.

१४ फेब्रुवारी

या सगळ्यात न बसणारी एक उरली, क्रमांक १७. वजन मधलं, ड्रॉ मधला, चिमटीत गाठ नाही, जळायच्या टोकाला लिगेरो अगदी मधोमध. न पेटवता ओढून बघितली की मात्र नाकाला अमोनियाचा झणका. तिच्या आजूबाजूच्या सिगारींना तो नाही, म्हणजे खोक्याचा किंवा साठवणीचा दोष नव्हे.

अर्ध्यावर कापून एक तुकडा उलगडला. सेकोचं एक पान बाकीच्यांपेक्षा हिरवट झाक असलेलं, आणि हुंगलं तर वास त्याचाच. ते पान वेगळं काढून उरलेली पानं कागदात हलकी सुरळी करून पेटवली: कागदाची घाण चव वजा केली तर झणका नव्हता. त्या पानाची पट्टी एकटी जाळली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा अर्धा तुकडा सीडरच्या पापुद्र्यात गुंडाळून खोक्याबाहेर, वेगळ्या डब्यात ६५ टक्क्यांच्या पाकिटासोबत ठेवला आहे. डब्याचं झाकण आठवड्यातून एकदा उघडायचं. वजन आणि वासाची नोंद महिन्याच्या पहिल्या रविवारी. अमोनिया गेला की पेटवायचा.